होडीत बसवून ऐकवलेला सिनेमा

दमयंतीताई गेल्या हे कळलं तेव्हा मी कळंबच्या किनाऱ्यावर एक होडी मोजत होतो. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं कलादिग्दर्शकाच्या हातात, आणि या होडीत बावीस माणसं आणि एक कॅमेरा मावेल की नाही यावर आमचा वाद चालला होता. फोन प्रीतीचा होता, ताईंच्या मुलीचा. मला वाटलं, नेहमीसारखा ताईंनीच तिच्या फोनवरून लावला असेल, कारण कुठली होडी निवडली हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. म्हणून फोन उचलल्या उचलल्या मीच सांगायला लागलो, की होडी मिळाली, जुनी आहे, रंग उडालाय, तुम्हाला हवी तशीच आहे... मग प्रीती म्हणाली, "अवीमामा, आई सकाळी गेली. झोपेतच." मी टेप सोडली नाही. का कोण जाणे, आधी होडीची लांबी वहीत लिहिली आणि मग खाली वाळूत बसलो.

त्याला आता पाच आठवडे झाले. पुढच्या आठवड्यात त्याच किनाऱ्यावर त्यांच्या सिनेमाचं चित्रीकरण सुरू होतंय. माणसं जमताहेत, कपडे शिवून येताहेत, मला दिवसातून चाळीस फोन येतात आणि मी प्रत्येक फोनला उभं राहून उत्तर देतो, कारण बसवतच नाही. अशा वेळी दुःख करायला सवड मिळत नाही हे खरं आहे. पण दुःखापेक्षाही मोठं असं काहीतरी छातीत धडधडत असतं. सिनेमा लागेल तेव्हा पडद्यावर त्यांचं नाव येईल आणि चार सेकंदांत जाईल. ते नाव तिथपर्यंत कसं पोचलं हे पाहणारा मी एकटाच होतो. म्हणून हे लिहितोय.

निर्मळच्या नाक्यावर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. घरची केळीची आणि फुलांची वाडी भाऊ बघतो, मी दुकान बघतो. लग्नाचे बायोडेटा, वारस नोंदीचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, भजनी मंडळाच्या पत्रिका, असा माझा सगळा साहित्यव्यवहार. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी साठीला टेकलेल्या एक बाई आल्या. उंच, काळ्यासावळ्या, ठसठशीत कुंकू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेल्या तीन वह्या. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात राहणाऱ्या. तीस वर्षं नालासोपाऱ्याच्या बाजारात मासळी घेऊन बसल्या होत्या, आणि गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसल्या होत्या. वह्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे टाइप करायचंय. सिनेमा हाय."

कुणाचा, असं मी विचारलं. माझाच, असं त्यांनी सांगितलं.

मी वही उघडली ती वेळ काढण्यासाठी. पटकथा कशी लिहितात हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. त्यांनी आपली एक रीत काढली होती. प्रत्येक परिच्छेद एक तर 'दिसतं' या शब्दाने सुरू व्हायचा, नाहीतर 'ऐकू येतं' या शब्दाने. 'दिसतं : होडी वाळूत बसलीय आणि नवऱ्याचा मामा पाण्याकडे असा बघतोय की पाण्यानंच त्याचा अपमान केला.' 'ऐकू येतं : कोणीतरी करंजी खातंय. भांडण चालू असताना करंजी खाल्ल्याचा आवाज फार मोठा येतो.' मी टाइप करायला लागलो आणि अकरा पानं झाली तरी थांबलो नाही. झेरॉक्स काढायला आलेले एक आजोबा कंटाळून निघून गेले. ताई समोरच्या स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी कुठे हसतो ते त्या मोजत होत्या, हे मला नंतर कळलं.

सिनेमाचं नाव 'सुकती'. ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर सुकती म्हणतात. गोष्ट एका दिवसाची. अर्नाळ्याच्या समोर, समुद्रात, किल्ल्याचं बेट आहे आणि त्यावर वस्ती आहे. तिथली मुलगी लग्न करून किनाऱ्यावरच्या गावात यायला निघते. होडीत नवरा-नवरी, वऱ्हाड, मुलीचा बाप आणि चार नातलग. निघायला उशीर होतो, पाणी उतरतं, होडी मध्येच वाळूच्या बांधावर बसते. चहूकडे गुडघाभर चिखल. आता पाणी परत येईपर्यंत सहा तास थांबायचं. आणि या सहा तासांत मानपानावरून असं भांडण पेटतं की मुलीचा बाप म्हणतो, पाणी आलं की होडी फिरवा, मी मुलीला परत नेतो. हसता हसता डोळ्यांत पाणी येईल असं भांडण. शेवटी भरती यायला लागते, होडी हलते, दोन्हीकडचे पुरुष वल्ह्यांना हात घालतात, आणि सहा तासांत एक शब्द न बोललेली नवरी उठून उभी राहते आणि म्हणते, "होडी कुठं न्यायची ते मला विचारा."

हे घडलेलं होतं. ती नवरी दमयंतीताईच. काशिनाथभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, हे त्या होडीतले नवरदेव. फक्त त्या दिवशी त्या उठून उभ्या राहिल्या नव्हत्या. कुणीतरी म्हाताऱ्याने समजूत घातली, होडी किनाऱ्याला लागली आणि संसार झाला, चांगलाच झाला. पण ते वाक्य त्यांना चाळीस वर्षांनी सुचलं, बाजारात पापलेट निवडता निवडता, आणि त्या वाक्यासाठी त्यांनी तीन वह्या भरल्या.

मग आमचे ते आठ महिने सुरू झाले. पटकथा कशी मांडतात ते मी मोबाइलवर शोधून काढलं आणि ऐटीत त्यांना शिकवायला बसलो. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर आत की बाहेर, दिवस की रात्र, हे लिहायचं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळा सिनेमा होडीतच हाय आनि उन्हातच हाय. मग सारखं सारखं 'बाहेर, दिवस' कशाला? एकदाच लिही वर." दुकान दुपारी दोन तास बंद असायचं तेव्हा त्या यायच्या. मी त्यांना ताई म्हणायला लागलो, त्या मला अवी. माझी बायको डबा पाठवायची तो दोघांचा असायचा. बायोडेटा टाइप करून करून मेलेली माझी बोटं त्या आठ महिन्यांत कशी चालत होती काय सांगू... मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि सकाळी उठून दुकान उघडायला धावत होतो.

पटकथा झाली. लेखकांच्या संघटनेत तिची नोंदणी झाली. आता निर्माता शोधायचा. आम्हाला वाटलं, एवढी चांगली गोष्ट आहे, पाठवायचा अवकाश. तीसेक ठिकाणी मेल पाठवले. दोन उत्तरं आली. दोन्हीत एकच मजकूर होता आणि दुसऱ्यात तर आमचं नावही चुकीचं होतं. मग कुणीतरी सांगितलं की थेट निर्मात्याकडे जाऊ नका, लेखकांची कामं बघणारे एजंट असतात, तसा एक गाठा. आम्ही अंधेरीला एका एजंटाकडे गेलो. तिशीतला तरुण, बोलायला गोड. म्हणाला, पटकथा फारच सुंदर आहे, पण ताईंच्या नावावर आधी काही नाही, तेव्हा एखादा तरुण लेखक सोबत जोडू, त्याचं नाव पुढे राहील. ताईंनी शांतपणे विचारलं की तुम्हाला त्यातलं काय आवडलं. तो म्हणाला, समुद्राच्या वादळाचा प्रसंग. आमच्या पटकथेत वादळ नव्हतं. अख्ख्या सिनेमात पाणीच नव्हतं, तीच तर अडचण होती.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी रडायच्या बेतात होतो आणि ताई मात्र खुशीत होत्या. "अवी, आता समजलं," त्या म्हणाल्या. "वाचायला कोन बसत नाय. ऐकायला बसव त्यांना. बाजारात मी काय कागद वाटत होते? मासळी दाखवायची, बोलायचं. गिऱ्हाईक थांबतं."

त्या दिवसापासून त्यांनी आख्खा सिनेमा पाठ करायला घेतला. पाठ म्हणजे शब्दन् शब्द नव्हे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, प्रत्येक माणसाच्या आवाजात, कुठे थांबायचं, कुठे मान वळवायची, सगळं. सुरुवातीला पावणेतीन तास व्हायचे. पहिला प्रयोग माझ्या घरी ओटीवर, माझ्या आईसमोर आणि बायकोसमोर झाला. दुसरा अर्नाळ्याच्या जेट्टीवर, जाळी निवडणाऱ्या बायकांसमोर. तिथे एक बाई मध्येच उठून मुलीच्या बापाला, म्हणजे ताईंनाच, शिव्या द्यायला लागली. कोणी मोबाइल काढला की ताई ती जागा लक्षात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन तो प्रसंग कापायच्या. कुठल्या शाळेत पटकथा अशी शिकवत असतील असं मला वाटत नाही. दहा प्रयोगांत आमची सव्वीस पानं गळाली आणि जे उरलं ते दोन तास दहा मिनिटांचं आणि असं बांधेसूद होतं की मी टाइप करतानाही श्वास धरायचो.

आणि मग ते खरंच ऐकायला बसले. अंधेरीच्याच एका मोठ्या कार्यालयात, ओळखीतून ओळख काढत, आम्हाला अर्धा तास मिळाला. तिथल्या निर्मात्याने अर्ध्या तासानंतर दारातून डोकावणाऱ्या माणसाला हातानेच परतवलं आणि पुढचे जवळजवळ पावणेदोन तास तो हसत, मांडीवर थापा मारत ऐकत राहिला. संपल्यावर त्याने लगेच सांगितलं की हा सिनेमा मी करतो. मला वाटलं, आता खुर्चीवरून पडणार. मग तो पुढे बोलायला लागला. हे गोव्यात करू, तिकडे सोय बरी पडते. मुलगा मुंबईहून आलेला दाखवू. भाषा सगळ्यांना समजेल अशी करू. आणि शेवटचं ते वाक्य फार जबरदस्त आहे, ते नवऱ्याच्या तोंडी देऊ. तो उभा राहून सगळ्यांना सुनावतो की होडी कुठे न्यायची ते हिला विचारा. मोठा नट घेतला तर त्याच्यासाठी काहीतरी हवं ना.

ताईंनी दोन दिवस मागून घेतले. खरं तर त्यांना दोन मिनिटंही लागली नसती. ते दोन दिवस माझ्यासाठी होते, मला समजावण्यासाठी. मला समजलं नाही. मी त्यांच्याशी भांडलो, त्यांच्याच घरी, काशिनाथभाऊंच्या देखत. मी म्हणालो की वर्षभर पायपीट करून एक माणूस हो म्हणतोय, एका वाक्यासाठी तुम्ही सगळं घालवताय, आणि वाक्य तर तेच राहतंय, फक्त बोलणारा बदलतोय.

"तोच तर बदलायचा नाय," त्या म्हणाल्या. "तेव्हा पन सगळे माझ्यासाठीच बोलत होते, अवी. माझा बाप, ह्यांचा मामा. समदे माझ्या भल्याचंच बोलत होते. मी बोलले नाय, एवढंच."

मी चप्पल घालून निघून आलो. आज लिहिताना लाज वाटते, पण तीन आठवडे मी त्यांना फोन केला नाही. दुपारी दुकान बंद करून आत एकटाच डबा खायचो आणि मनातल्या मनात त्यांच्याशी वाद घालायचो. जिंकायचो, आणि अन्न गोड लागायचं नाही. एका दुपारी शटरवर टकटक झाली. ताई स्टुलावर येऊन बसल्या आणि जणू कालच गेल्या होत्या अशा थाटात म्हणाल्या की सत्ताविसाव्या दृश्यात एक शब्द बदलायचा आहे. मी संगणक लावला. शब्द बदलला. मग मी पान वर सरकवत सरकवत शेवटच्या दृश्यापर्यंत नेलं आणि त्यांना दाखवलं की तिथे काहीही बदललेलं नाही. त्यांनी मान हलवली. माझी माफी तेवढीच झाली.

यानंतर सहा-सात महिन्यांनी कळंबचं जमलं. नेल्सन हा माझा शाळेतला मित्र, मूळचा गिरीजचा. कळंबला त्याच्या दोन कॉटेज आहेत. शुक्रवारी संध्याकाळी त्याने सहज फोनवर सांगितलं की एक निर्मातीबाई कुटुंबासह रविवारपर्यंत उतरल्या आहेत. नाव शर्वरीबाई. त्यांनी काढलेले दोन मराठी सिनेमे ताईंनी आणि मी एकत्र पाहिलेले होते आणि पाहून दोन दिवस बोलत बसलो होतो. मी ताईंना कळवलं, पण सोबत हेही सांगितलं की बाई सुट्टीवर आहेत, मुलंबाळं आहेत, असं जाणं बरं दिसत नाही. ताईंनी फक्त एवढंच विचारलं की उद्या तिथी काय. मग त्यांनीच बोटं मोजली. पंचमी. दहाला पाणी भरायला लागेल, साडेबारापर्यंत वाळूवरच्या होड्यांना लागेल. "चल," त्या म्हणाल्या. "धा वीसला सुरू करू. दोन तास दहा मिन्टं हायेत आपल्याकडं."

सकाळी प्रीतीच्या स्कूटरवर मागे बसून त्या आल्या. हिरवी नऊवारी, अंबाड्यात अबोली. कॉटेजच्या पायऱ्यांवर शर्वरीबाई चहा घेत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, पायात काही नाही. त्यांनी कोळीण बघून सरळ विचारलं की मासळी कुठली आहे. ताई म्हणाल्या, "मासळी नाय आनली. गोष्ट आनलीय. पन इथं नाय सांगनार, तिथं सांगनार," आणि त्यांनी खाली वाळूवर कलंडलेल्या एका होडीकडे बोट केलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शर्वरीबाई कप ठेवून उठत होत्या. वीस मिनिटं देते, असं त्या म्हणाल्या.

ताईंनी त्यांना होडीत नेऊन बसवलं, मधल्या फळीवर, जिथे नवरीला बसवतात तिथे. स्वतः नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाशी, उभ्या राहिल्या. समुद्र लांब गेला होता. आणि त्यांनी सुरुवात केली. मी तो सिनेमा तोवर वीस-बावीस वेळा ऐकला होता, पण त्या सकाळी जे झालं ते वेगळंच होतं. वीस मिनिटं झाली तेव्हा शर्वरीबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. त्यांची दोन मुलं येऊन होडीच्या काठावर बसली. मग त्यांचे यजमान आले, मग नेल्सन, मग त्याच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाई हात पुसत आल्या. होडी भरत गेली. ताई कधी मामा व्हायच्या, कधी बाप, कधी करंजी खाणारी म्हातारी. एकदा त्यांनी "ए, तू टोपी काढ, मानाची हाय ती," असं शर्वरीबाईंच्या यजमानांना दरडावलं आणि त्या गृहस्थांनी खरंच टोपी काढली. त्यांना कळत नव्हतं, पण होडीतली सगळी माणसं वऱ्हाड झाली होती. नवरीची जागा शर्वरीबाईंची होती आणि ताई त्यांच्याकडे एकदाही वळून बोलल्या नाहीत. सिनेमात तिच्याशी कोणी बोलत नाही, तसंच.

मी पाण्याकडे बघत होतो. ते येत होतं. फेसाची एक रेघ, मग दुसरी. शेवटच्या दृश्याला ताई पोचल्या तेव्हा पहिली लाट होडीच्या तळाखालून सुळकन गेली आणि होडी किंचित, अगदी किंचित हलली. मुलं ओरडली. ताई थांबल्या. इतका वेळ थांबल्या की माझा जीव जायची वेळ आली. मग त्या पहिल्यांदाच शर्वरीबाईंकडे वळल्या, आणि ते वाक्य त्या म्हणाल्याच नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

शर्वरीबाईंनी आजूबाजूला पाहिलं, सगळी होडी आपल्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या हळूच म्हणाल्या, "मला विचारा ना कोणीतरी."

पायाखाली पाणी आलं होतं, पण कुणी उतरेना. बऱ्याच वेळाने शर्वरीबाईंनी पटकथेची प्रत मागितली. मी पिशवीतून काढून दिली तर ती घेऊन त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की यातली बोली अशीच ठेवायची तर नटांना शिकवणार कोण. "मी," ताई म्हणाल्या, आणि मग वर कोरड्या वाळूत येऊन फतकल मारून बसल्या आणि दोन ग्लास पाणी प्यायल्या. परत येताना स्कूटरी शेजारी शेजारी चालवत मी आणि प्रीती रस्ताभर बडबडत होतो, एकमेकांचं तोडून बोलत होतो, आणि ताई तिच्या मागच्या सीटवर डोळे मिटून हसत होत्या.

पुढचं सगळं सावकाश झालं, पण झालं. बैठका, दिग्दर्शकाची निवड, करार. ताईंनी कराराचा कागद माझ्याकडूनच दोनदा वाचून घेतला. कथा, पटकथा, संवाद या तिन्हींपुढे त्यांचं एकटीचं नाव होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती, जी मला कोणी सांगितली नव्हती. 'पटकथा सहाय्य' आणि पुढे माझं नाव. मी वाचता वाचता अडखळलो. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. "वाच की पुढं," एवढंच त्या म्हणाल्या.

नवरीचं काम करणारी मुलगी त्यांच्याकडे शिकायला आली तेव्हा आमची शेवटची भेट झाली. पुण्याची, चोविशीतली, जरा बुजलेली. ताईंनी तिला एक अक्षरही बोलायला लावलं नाही. सकाळभर तिला नऊवारी नेसवून काशिनाथभाऊंच्या होडीत बसवलं आणि गप्प कसं बसायचं ते शिकवलं. हात कुठे, नजर कुठे, कोणी अपमान केला की मान वर करायची नाही पण बोटं काय करतात. मुलीला ते जमलं तेव्हा ताईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. परतताना घराच्या पायऱ्या चढताना त्या भिंतीला हात लावून थांबल्या, मी विचारलं तर गुडघे म्हणाल्या. गुडघे नव्हते. हृदयाच्या झडपेचं दुखणं होतं, शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यातली ठरली होती, आणि हे घरच्यांखेरीज कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी ताकीद दिली होती. कळलं तर हे लोक काम थांबवतील, ही त्यांना भीती. प्रीतीने हे मला नंतर सांगितलं. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण त्या दिवशीचा त्यांचा चेहरा आठवला की राग टिकत नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, सगळ्या नटांची तालीम झाली. बोली शिकवायला ताई नाहीत, आता काय करायचं, असा दिग्दर्शकापुढे प्रश्न होता. तेव्हा प्रीतीने फोन काढला. ताईंनी जायच्या आदल्या आठवड्यात, दुपारच्या वेळी घरी बसून, नटांसाठी म्हणून सगळा सिनेमा आपल्या आवाजात त्यात बोलून ठेवला होता. आम्ही सगळे चटईवर बसलो. काशिनाथभाऊ दाराशी जाळं शिवत होते. ते कधी आमच्यात बसत नाहीत. आवाज सुरू झाला आणि खोली भरून गेली. नट ओठ हलवत मागून म्हणत होते, मुलगी बोटांकडे बघत होती, दिग्दर्शकाने लिहायचं सोडून दिलं होतं. हसायच्या जागी सगळे हसले. मला वाटलं होतं मी रडेन, पण मलाही हसूच येत होतं.

मध्ये कुठेतरी, मामाचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना, ताईंचा आवाज थांबला. मग फोनपासून तोंड वळवून, जरा लांबून, रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या, "अवो, चाय उतू चाललीय. बगा जरा."

काशिनाथभाऊंनी जाळं खाली ठेवलं. "बगतो," असं म्हणाले, आणि उठून आत स्वयंपाकघरात गेले.